पत... परत!

थकलेले हप्ते, सायलेंटवर टाकलेला फोन आणि पाचशेच्या घरातला स्कोअर. इथून परत येता येतं का? येतं. फक्त त्याला शॉर्टकट नाही, बॉस!

२०२३ ची दिवाळी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी, आई आणि समोर एक चकाचक डबल डोअर फ्रिज. किंमत चौतीस हजार. वर लटकलेला भलामोठा बोर्ड : 'नो कॉस्ट ईएमआय, दोन मिनिटांत अप्रूव्हल!' आईने फ्रिजचं दार तीनदा उघडून, तीनदा बंद करून पाहिलं होतं. रंगही ठरला होता. मी ऐटीत पॅन कार्ड काउंटरवर ठेवलं.

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला. थांबली. परत टाकला. मग स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवून घेत म्हणाली, "सर, सिस्टिम घेत नाहीये. दुसरं पॅन आहे का? आईंचं वगैरे?"

आई लगेच पर्स उघडायला लागली. "माझ्या नावावर करा की!"

बस्स. त्या क्षणी दुकानाच्या चकचकीत फरशीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "नको, नंतर बघू," एवढंच म्हणालो आणि फ्रिज न घेता आम्ही घरी आलो. स्कूटरवर मागे बसलेल्या आईने सिग्नलला हळूच विचारलं, "किती आहे रे एकूण?"

ज्या प्रश्नाला मी तीन वर्षं टाळत होतो, तो प्रश्न तिने एका सिग्नलला विचारून टाकला. त्या रात्री पहिल्यांदा मी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला. आकडा होता ५६१.

एक आकडा, हजार भानगडी

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही घेतलेलं प्रत्येक कर्ज, प्रत्येक क्रेडिट कार्ड आणि त्याचे भरलेले-चुकवलेले हप्ते यांची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते. भारतात असे चार ब्युरो आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यातला सिबिल सगळ्यात जुना, २००० साली सुरू झालेला. म्हणून आपल्याकडे झेरॉक्ससारखं 'सिबिल' हेच सगळ्याचं नाव होऊन बसलं. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. साधारण ७५० च्या वर असलात की बँकवाले हसून बोलतात. माझ्यासारखे ५६१ वाले असलात की 'सिस्टिम घेत नाहीये'.

आणि हे फक्त फ्रिजपुरतं नाही हं. घराचं कर्ज, त्याचा व्याजदर, क्रेडिट कार्ड, सगळं यावर. स्टेट बँकेच्या नोकरभरतीच्या जाहिराती बघा, कर्ज किंवा कार्डाचे पैसे थकवल्याची नोंद असेल तर नेमणूक नाही, अशी अट त्यात असते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीतली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी तर तुम्ही वाचली असेलच. लग्न जवळजवळ ठरलेलं, मुलीकडच्यांनी मुलाचं सिबिल बघायला मागितलं आणि ते बघून लग्न मोडलं! पत्रिकेतले छत्तीस गुण राहिले बाजूला.

गंमत म्हणजे आपल्या भाषेत याला आधीपासून शब्द आहे. पत. पतपेढी, पतसंस्था, बाजारातली पत. आजोबांच्या काळी वाण्याच्या वहीत जे होतं, तेच आता सर्व्हरवर आहे. फरक एवढाच, की वाणी तोंड बघून आठ दिवस थांबायचा. सर्व्हर थांबत नाही.

'हप्ता ना? भरू की!'

माझी गोष्ट काही ग्रेट नाही. तुमच्या टीममध्ये, तुमच्या फ्लोअरवर अशी दोन-चार माणसं सहज असतील. २०१९ मध्ये माझा पगार अडतीस हजार होता. बाइकचा हप्ता ३,४००. थायलंडची ट्रिप आणि थोडी 'शॉपिंग' यासाठी काढलेल्या दीड लाखाच्या पर्सनल लोनचा हप्ता ५,२००. नव्या फोनचा २,९००. आणि दोन क्रेडिट कार्डांचं 'मिनिमम ड्यू' मिळून पाचेक हजार. झाले साडेसोळा हजार. रूमचं भाडं नऊ. उरलेल्या साडेबारा हजारांत पेट्रोल, मेस, वीकेंड. पगाराच्या दिवशी राजा, वीस तारखेला रंक. पण टेन्शन कोणाला होतं? पुढचा पगार होताच ना!

यातलं सगळ्यात गोड विष म्हणजे 'मिनिमम ड्यू'. साधा हिशेब करा. कार्डावर साठ हजार थकले आहेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८. मिनिमम ड्यू समजा पाच टक्के, म्हणजे तीन हजार. तुम्ही इमानदारीत तीन हजार भरता आणि तुमचं मूळ कर्ज कमी होतं फक्त ५२२ रुपयांनी! वर त्या कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याला पहिल्या दिवसापासून व्याज. धावण्याच्या पट्ट्यावर पळतोय, घाम निघतोय, पोचत कुठेच नाही.

२०२० च्या जूनमध्ये कंपनीने आमची अख्खी टीम काढली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती घेतली. पण व्याजाचं मीटर चालूच होतं, हे डोक्यात शिरलंच नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा नोकरी नव्हती आणि हप्ते मात्र ताजेतवाने होऊन परत आले होते.

मग मी ती चूक केली जी बहुतेक सगळे करतात. पैसे नव्हते, ही चूक नव्हे. फोन उचलणं बंद केलं, ही चूक.

सुरुवातीला बँकेतून येणारे फोन खरं तर बरे असतात. हप्ता लहान करून मुदत वाढवता येते, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या ईएमआयमध्ये बदलता येते. पण हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की खातं 'एनपीए' होतं आणि मग तुमच्याशी बोलणारा माणूस बदलतो. रिकव्हरीवाल्याचा आवाज वेगळा असतो.

आणि तरी त्यालाही नियम आहेत बरं का. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे : थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमक्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देऊन चारचौघांत अपमान करायचा नाही. असं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही.

'पोलीस घेऊन येतो' या धमकीबद्दलही एक गोष्ट. पैसे नसल्यामुळे हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. मात्र दिलेला चेक बाउन्स झाला किंवा बँकेला दिलेला ऑटो-डेबिट परत गेला, तर त्यावर फौजदारी केस होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना 'बघू' म्हणून चेक फाडून देऊ नका. आणि कोर्टाची नोटीस आली तर ती गादीखाली सरकवू नका, वकिलाकडे न्या.

सेटलमेंट म्हणजे सुटका?

२०२१ च्या जानेवारीत सत्तावीस हजारांची नोकरी लागली. पर्सनल लोन रखडत रखडत पुढे फेडलं. लहान कार्डही भरलं. मोठ्या कार्डाची बाकी मात्र व्याज, लेट फी, जीएसटी करत १,४२,००० वर गेली होती. ऑगस्टमध्ये फोन आला. "सर, साठ हजार भरा, विषय संपवू."

मला तर लॉटरीच लागल्यासारखं वाटलं. ब्याऐंशी हजार माफ! तीन टप्प्यांत साठ हजार भरले, पत्र घेतलं, मित्रांना पार्टीसुद्धा दिली. (हो, पार्टी. हसा.)

रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे शब्द आला 'सेटल्ड'. कानाला किती छान वाटतं ना? आपल्याकडे 'मुलगा सेटल झाला' म्हणजे पेढे वाटतात. पण बँकेच्या भाषेत 'सेटल्ड' म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही पाणी सोडलं. पूर्ण पैसे भरून बंद केलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असतं. या दोन शब्दांमध्ये माझा फ्रिज अडकला होता.

सेटलमेंट कधीच करू नये, असं नाही. खरंच दुसरा रस्ता नसेल, घरात आजारपण असेल, उत्पन्न थांबलं असेल, तर व्याजाचा डोंगर वाढू देण्यापेक्षा ती बरी. पण डोळे उघडे ठेवून करा. लेखी पत्र आल्याशिवाय एक रुपया भरू नका. आणि २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ज्या बँकेशी तडजोड केली, ती बँक त्यानंतर किमान बारा महिने तुम्हाला नवीन कर्ज देत नाही, हे धरून चाला.

दिवाळंच काढलं तर?

हॉलिवूडच्या सिनेमात हिरो कोर्टात जातो, 'आय अ‍ॅम बँकरप्ट' म्हणतो आणि नव्याने आयुष्य सुरू करतो. अमेरिकेत ते खरंच होतं, पण तिथेही तो डाग क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षांपर्यंत राहू शकतो.

आपल्याकडे? मीही त्या काळात रात्री दोन वाजता शोधलं होतं. मुंबईसाठी १९०९ चा कायदा आणि पुण्यासह बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा. दोन्ही इंग्रजांच्या काळातले. १९२० च्या कायद्यात नादार म्हणून अर्ज करायला किमान कर्ज किती हवं माहितेय? पाचशे रुपये! २०१६ मध्ये नवीन दिवाळखोरी संहिता आली, तिच्यात सामान्य माणसासाठी 'फ्रेश स्टार्ट'चं प्रकरण लिहिलं गेलं. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशांसाठी. पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये व्यक्तींसाठीचा हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. तुमच्या-माझ्यासारख्या कार्डवाल्या पगारदारांना नाही.

जुन्या कायद्याने कोर्टाकडून नादार ठरलात, तर त्यातून मोकळीक मिळेपर्यंत कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही, निवडणूक लढवून आमदार-खासदार होता येत नाही. स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. थोडक्यात, आपल्याकडचं पगारदाराचं दिवाळं बहुतेक वेळा कोर्टात निघत नाही. ते फोनवर निघतं, रिकव्हरीवाल्यासमोर निघतं, कधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात निघतं. आणि त्यातून बाहेर यायचा रस्ताही कोर्टाचा नाही, कॅलेंडरचा आहे.

आधी रिपोर्ट, मग रडणं

पहिली पायरी, रिपोर्ट काढा. चारही ब्युरो वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, २०१७ पासून. 'बघितलं तर स्कोअर कमी होतो' ही निव्वळ अफवा आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने काहीही होत नाही. मात्र घाबरून एकाच आठवड्यात पाच अ‍ॅपवर लोनचे अर्ज टाकले, तर त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअर घसरतो. नाही म्हटलेल्या मुलीला रोज विचारल्यासारखं आहे ते!

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात. त्यात दिसतं ते 'डीपीडी', म्हणजे तारीख उलटून किती दिवस झाले. '०००' असेल तर शाब्बास. माझ्याकडे ०३०, ०६०, ०९० अशी शिडीच होती. हे चौकोन मागच्या ३६ महिन्यांचे असतात. याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी आशा यातच आहे : दर महिन्याला एक नवा चौकोन जोडला जातो आणि सगळ्यात जुना बाहेर पडतो. नोंदी ब्युरोकडे किमान सात वर्षं राहतात, हे खरं. पण ताज्या चौकोनांचं वजन जास्त. मागचे चौकोन पुसता येत नाहीत, पुढचे मात्र सगळे आपल्या हातात.

रिपोर्टमध्ये चुकाही असतात. माझी बाइक पूर्ण फिटली होती, तरी तिच्या नावावर १,१८० रुपये थकबाकी दिसत होती. कुठलातरी जुना बाउन्स चार्ज. २०२४ च्या जूनमध्ये ब्युरोच्या साइटवर 'डिस्प्यूट' टाकला, सोबत नो ड्यूजचं पत्र जोडलं. ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, तो कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारतो. पण २०२४ च्या एप्रिलअखेरपासून नियम असा आहे की तीस दिवसांत तक्रार निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. माझं काम तेविसाव्या दिवशी झालं. शंभर रुपये हुकले, पण चालतंय की.

एफडीवालं कार्ड

आता खरा प्रश्न. स्कोअर वाढवायला कर्ज वेळेवर फेडून दाखवायचं, पण कर्ज तर कोणी देत नाही! करायचं काय?

उत्तर अगदी साधं निघालं. एफडी. आपलीच रक्कम बँकेत ठेवायची आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यायचं. बऱ्याच बँका देतात, स्कोअर वाईट असला तरी, कारण त्यांना धोका नाही. २०२४ च्या जानेवारीत मी पंचवीस हजारांची एफडी केली, वीस हजारांची लिमिट मिळाली. एफडीवर व्याज चालूच.

त्या कार्डाचा फंडा एका वाक्याचा. मोबाइलचं बिल आणि पेट्रोल, बाकी काही नाही. महिन्याला तीन हजारांच्या आसपास. अंगठ्याचा नियम म्हणजे लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहायचं. वीस हजारांवर सहा हजार. आणि स्टेटमेंट आलं की पूर्ण रक्कम ऑटो-डेबिटने. 'मिनिमम' हा शब्द घरात उच्चारायचा नाही. ज्या कार्डामुळे बुडालो, त्याच कार्डाने वर यायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पोहायला शिकायचं तर पाण्यातच उतरावं लागतं ना. फक्त या वेळी पाणी कमरेइतकंच.

दुसरं काम अवघड होतं. माफ झालेले ते ब्याऐंशी हजार. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, 'सेटलमेंटमधली उरलेली रक्कम भरायची आहे, खातं क्लोज्ड दाखवावं'. तिथल्या मॅडमनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "असं कोणी येत नाही हो." बँकेने होकार द्यायलाच हवा असं नाही. पण बहुतेकदा त्यांना पैसे हवेच असतात. माझ्या बँकेने पुढचं व्याज लावलं नाही. तोवर पगार सेहेचाळीस हजार झाला होता. महिन्याला साडेसात हजार बाजूला काढत अकरा महिन्यांनी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये, पूर्ण रक्कम भरली. नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय उठलो नाही. ते आता घराच्या कागदांच्या फाइलमध्ये आहे, माझ्या डिग्रीच्या शेजारी.

रिपोर्टमधला शब्द बदलला. २०२५ च्या सुरुवातीला बँकांना ब्युरोकडे माहिती किमान पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं होतं, त्यामुळे पूर्वीसारखी महिना-दोन महिने वाट पाहावी लागली नाही.

'सिबिल क्लीन करून देतो'

या काळात सगळ्यात जास्त मेसेज कोणाचे येतात सांगू? 'पंधरा दिवसांत स्कोअर ८००, फी फक्त ९,९९९!' असल्या मंडळींचे. एक लक्षात ठेवा. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, ना एजंट, ना ब्युरोमधला 'ओळखीचा माणूस'. चुकीची नोंद दुरुस्त करता येते आणि ती तुम्ही स्वतः फुकटात करू शकता. मग दहा हजार कशाचे? शिवाय त्यांना तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी हवा असतो. एक खड्डा बुजवायला दुसरा खणू नका. तेच झटपट लोन देणाऱ्या अ‍ॅप्सचं. एका अ‍ॅपचं फेडायला दुसऱ्यातून उचललं की दलदल सुरू.

आणि हो, मित्राच्या कर्जाला 'नुसती सही' करताना दहादा विचार करा. जामीन राहिलात की त्याचं कर्ज तुमच्याही रिपोर्टवर येतं. त्याने हप्ता चुकवला की स्कोअर तुमचाही पडतो.

घरात सांगायचं कसं?

मुख्य भाग हाच आहे, मी उगाच शेवटी ठेवला. बाबा एसटीत होते. आयुष्यात त्यांनी एकच कर्ज काढलं, सोसायटीचं, ताईच्या लग्नाला. ते पगारातून कापून जायचं. आमच्या घरात 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण नव्हती, कायदा होता. अशा घरात 'मी साठ हजार देऊन दीड लाख बुडवले' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आईच्या समोर, ओट्याजवळ उभा राहून सांगितलं. बाबा बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणजे ऐकत होते. मला वाटलं, आता लेक्चर. ते आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पैसे नसतात कधी कधी. त्यात काही नाही. पण फोन का नाही उचललास? बँकेचा नाही तो नाही, आमचा तरी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. फ्रिज दुसऱ्या दिवशी बाबांनी घेतला. रोख.

आईने तिचं काम तिच्या पद्धतीने सुरू केलं. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, ताईच्या मुलाच्या लसी, सगळं असतं. जानेवारीच्या पानावर पाच तारखेला तिने पेनने लिहिलं, 'कार्ड'. फेब्रुवारीतही. मार्चमध्येही. माझा ऑटो-डेबिट होताच. पण चार तारखेला रात्री ती विचारायची, "उद्या पाच. खात्यात आहेत ना?" जगातलं कुठलंच अ‍ॅप इतकं भारी रिमाइंडर देत नाही.

तुमच्या घरी कालनिर्णयवाली आई नसेल, तर एक मित्र, बहीण, बायको, कोणीही एक माणूस निवडा ज्याला तुमचा खरा आकडा माहीत आहे. लपवलेलं कर्ज वाढतं. सांगितलेलं कर्ज निदान मोजता येतं.

खिशात ठेवा

• नोकरी गेली, हप्ता चुकणार असं दिसलं की चुकायच्या आधी बँकेला लेखी कळवा. नव्वद दिवसांच्या आत बरंच काही करता येतं.

• सगळी कर्जं एका कागदावर लिहा : किती बाकी, व्याज किती, तारीख कोणती. जास्त व्याजाचं आधी संपवा, बाकीच्यांचा हप्ता चुकू देऊ नका.

• कार्डाची तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा. २०२२ च्या नियमांनुसार त्यानंतरच बँक लेट फी लावू शकते आणि ब्युरोला थकबाकी कळवू शकते.

• जुनं, नीट चालवलेलं, फी नसलेलं कार्ड उगाच बंद करू नका. जुना चांगला इतिहास कामाला येतो.

• वर्षातून एकदा चारही रिपोर्ट फुकट काढा. दर तीन महिन्यांनी एका ब्युरोचा काढलात की वर्षभर नजर राहते.

• पैसे भरले की नो ड्यूज घ्या. तोंडी 'झालं सर' याला किंमत नाही.

• तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला पडेपर्यंत ट्रिप, फोन, गाडी, सगळं नंतर.

पाच तारीख

२०२४ च्या मध्याला माझा स्कोअर ६४० होता. २०२५ च्या दिवाळीच्या आधी ७३८. म्हणजे ७५० च्या क्लबात मी अजून नाही. तुमचा वेग वेगळा असेल, कमी किंवा जास्त. दोन वर्षांत मी काहीही थोर केलं नाही. मोबाइलचं बिल भरलं, पेट्रोल भरलं, पाच तारीख पाळली. इतकं बोअरिंग काम आयुष्यात दुसरं केलं नाही. पण पत अशीच येते, असं आता वाटतं. जाते एका फटक्यात, येते चौकोना-चौकोनाने.

२०२५ च्या धनत्रयोदशीला आम्ही तिघं त्याच दुकानात गेलो. वॉशिंग मशीन, अठरा हजार. पैसे होते खरं तर. पण बघायचं होतं. काउंटरवर या वेळी एक मुलगा होता. पॅन टाकलं. आई माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत होती. बाबांनी चष्मा पुसला.

"झालं सर. सहा हप्ते, तीन-तीन हजारांचे. तारीख कोणती ठेवू?"

मी बोलायच्या आत आई म्हणाली, "पाच."